मशीननं धूळ मोजली, नान्नांचा खोकला नाही

नमस्कार मॅडम,
मी एमएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर सोलापूरच्या पूर्वभागात. माझे नान्ना, म्हणजे वडील, २८ वर्षं टॉवेलच्या मागावर आहेत, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. दोन वर्षांपासून त्यांना धाप लागते, सकाळी खोकल्याची उबळ येते. सुट्टीनंतर कामावर गेलं की छाती आवळल्यासारखी होते म्हणतात. मी अडीच हजारांचा धुळीचा सेन्सर घेतला, आर्डुइनो नावाच्या छोट्या सर्किट-बोर्डाला जोडला आणि नान्नांकरवी शेडच्या खिडकीच्या फळीवर गुपचूप ठेवला. चाळीस दिवसांची पीएम २.५ ची, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धुळीची, सरासरी घनमीटरला २१० मायक्रोग्रॅम आली. घरी ६५. शेडमधला आकडा तर आठवड्यागणिक वाढतच गेलाय. सरकारी मर्यादा ६० आहे. मी पेपर लिहिलाय की शेडच्या धुळीमुळं कामगारांना फुप्फुसाचा आजार होतो. एका जर्नलचा मेल आलाय : भौतिकशास्त्र, प्रदूषण, वैद्यकशास्त्र सगळं छापतात, तीन दिवसांत, २८०० रुपयांत. सर म्हणतात टाकून दे, पीएचडीला उपयोगी पडेल. मामा म्हणतात फिजिक्सवालीनं डॉक्टरकीत कशाला नाक खुपसायचं, बीएड कर. काय करू?
— मागावरची लेक

अगं पोरी,

तुला ‘अगं’ म्हणते, रागावू नकोस. एकतीस वर्षं इथल्याच एका कॉलेजात फिजिक्सचं प्रॅक्टिकल घेतलं, समोर बसलेलं कुणीही अजून विद्यार्थीच वाटतं.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकडे बघितले, दुसऱ्यांदा नान्ना. दुसऱ्या वाचनात मला तुझा थोडा रागच आला. चाळीस दिवस शेडची हवा मोजलीस, नान्नांची फुप्फुसं एकदा तरी कुणाकडून मोजून घेतलीस का? पत्रात तसं कुठं दिसत नाही. तेव्हा आधी ते.

दोन आठवड्यांच्या वर खोकला असला की आपल्या देशात पहिली तपासणी क्षयाची. सरकारी रुग्णालयात थुंकीची तपासणी फुकट होते. तिथं ‘माझे वडील मागावर आहेत, हा धुळीचाच खोकला आहे’ असं आधीच ठरवून जाऊ नकोस. धुळीचा म्हणून घरी बसवून ठेवलेला खोकला टीबीचा निघाला, अशी माणसं आपल्या पूर्वभागात तुलाही माहीत असतील. थुंकी आणि एक्स-रे झाला की छातीच्या डॉक्टरांकडं स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसं मोजायची चाचणी, मागायची. एक्स-रे साफ आला म्हणून ‘काही नाही’ म्हणत परत फिरू नका. श्वासनळ्या आवळल्या गेल्या असतील तर ते फोटोत बऱ्याचदा दिसत नाही, फुंकल्यावरच कळतं. नान्नांचा ईएसआयचा विमा असेल तर ते कार्ड सोबत घे.

आणि डॉक्टरांसमोर पेपर काढू नकोस. तुझ्या पत्रातलं एकच वाक्य त्यांना सांग, ‘सुट्टीनंतर कामावर गेलं की छाती आवळते.’ तू ते जाता जाता लिहून टाकलंस, पण मला विचारशील तर तुझ्या चाळीस दिवसांच्या आकड्यांपेक्षा ते मोलाचं आहे. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या एका आजाराची ही जुनी खूण. बिसिनोसिस त्याचं नाव. दम्यासारखा कधीही उठत नाही, खाड्यानंतरच्या पहिल्या पाळीला छाती धरतो. आठवड्याच्या शेवटाकडं माणसाला बरं वाटायला लागतं, म्हणून तो दवाखान्यात जात नाही. दुखणं वाढलं की मग रोजच धरतो. लँकेशायरच्या गिरण्यांत १९५० च्या दशकात रिचर्ड शिलिंग या डॉक्टरानं याच ‘पहिल्या दिवसा’वरून आजाराच्या पायऱ्या ठरवल्या. त्यानं कामगारांना नीट प्रश्न विचारले, सगळं तिथून सुरू झालं. जुन्या कारखाना कायद्यातल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत हे नाव बरीच वर्षं होतं.

पण लगेच ‘सापडलं!’ म्हणून उडी मारू नकोस. हा आजार पिंजणी आणि सूतकताईच्या खात्यांत जास्त, विणकामात त्या मानानं कमी. कारण कच्च्या कापसावरच्या जंतूंचं एक विष, एंडोटॉक्सिन म्हणतात त्याला, त्या धुळीतून छातीत जातं. माग सूत विणतो, आणि सूत तोवर बरंच झाडून-पुसून आलेलं असतं. नान्ना आधी कुठल्या गिरणीत होते का? तरुणपणी कापूस मोकळा करायच्या ब्लो-रूमला, पिंजायच्या कार्डिंगला? विडी ओढतात का? तू एका शब्दानं लिहिलं नाहीस. विडीचा प्रश्न घरी विचारायला लाज वाटते हे मला कळतं, पण डॉक्टर विचारणारच. अम्मा घरी विड्या वळत असेल, घरात तंबाखूची धूळ असेल, तर तेही सांग.

आता तुझं मशीन. इथं मी माझ्या घरात आहे, जरा सैल बोलते.

तुझ्या सेन्सरमध्ये एक छोटा पंखा आहे, एक लेसर आणि बाजूला प्रकाश टिपणारा एक डायोड. हवा आत येते, धुळीचा कण लेसरसमोरून जातो, प्रकाश विखुरतो, डायोडला चमक दिसते. म्हणजे मशीन बघतं प्रकाश आणि सांगतं वजन. मधलं गणित कारखान्यात बसवलेलं असतं : कण गोल आहे, घनता अमुक आहे, प्रकाश तमुक इतका वाकवतो. तुझ्या शेडमधला कण गोल आहे का गं? ते तंतू आहेत, लांबुळके, वळलेले. आडवा गेला तर एक चमक, उभा गेला तर दुसरी. त्यात सूत तुटू नये म्हणून शेडमध्ये हवा दमट ठेवतात, आणि दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात. मशीनला धूळ वाढल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात पाणी वाढलेलं असतं. हिवाळ्यात पहाटे संभाजी तलावाच्या काठी धुक्यात तोच सेन्सर धरून बघ की, भला मोठा आकडा दाखवील.

तुझी ‘आठवड्यागणिक वाढ’ तर मला फारच खटकली. शेडमध्ये काही बदललं होतं का? माग वाढले? मालाची जात बदलली? काहीच नसेल तर माझा संशय सरळ त्या पंख्यावर आहे. सेन्सर उघड. आत कापसाची बोंडासारखी गुंडळी अडकलेली सापडली तर मला आश्चर्य वाटणार नाही. अडकलेला तंतू लेसरसमोर बसून राहतो, आणि मशीन त्यालाच पुन्हा पुन्हा धूळ म्हणून मोजत बसतं. तपासायची युक्ती स्वस्त आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात सेन्सर ठेव, आतली हवा हेपा फिल्टरच्या, म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या गाळणीच्या, तुकड्यातून गाळून फिरव. आकडा शून्याजवळ यायला हवा. चाळीस दाखवत असेल, तर तुझ्या शेवटच्या आठवड्यातले चाळीस शेडचे नाहीतच. ही परीक्षा पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी करायची असते. बॅलिस्टिक गॅल्व्हानोमीटरचा झीरो तपासल्याशिवाय मी कुणाला प्रयोग सुरू करू देत नव्हते. तेव्हा पोरं वैतागायची.

दुसरं, सरकारी केंद्राशी ताळा. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं हवा मोजणारं केंद्र सोलापुरात आहे, आकडे केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. परवानगी काढून त्या केंद्राच्या शेजारी पंधरा दिवस तुझं मशीन ठेव आणि दोघांचा आलेख काढ. सोलापूर हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातलं शहर आहे. २०१९ ला तो कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून मर्यादेत न बसणाऱ्या शहरांच्या यादीत आपलं नाव आहे. तेव्हा असल्या ताळ्यात कुणालातरी रस असायला हरकत नाही.

आणि ही ६० ची तुलना काढून टाक. ६० हा २००९ च्या मानकांतला पीएम २.५ चा चोवीस तासांचा आकडा, बाहेरच्या हवेचा. तिथं बाळं, म्हातारे, आजारी सगळे श्वास घेतात, म्हणून तो कडक. जागतिक आरोग्य संघटनेचा तर २०२१ पासून १५ च आहे. कारखान्याच्या आतल्या कापूस-धुळीचं माप वेगळं आणि मोजायची रीतही वेगळी. अमेरिकेनं १९७८ मध्ये कापूस-धुळीचा नियम केला : आठ तासांच्या सरासरीत सूतकताईला २०० मायक्रोग्रॅम, विणकामाला ७५०. आणि ती धूळ व्हर्टिकल एल्युट्रिएटर नावाच्या उभ्या नळकांड्यातून साधारण १५ मायक्रॉनपर्यंतची घेतात, अडीचपर्यंतची नाही. म्हणजे तुझे २१०, ते ६० आणि हे ७५० ही तीन वेगळ्या तराजूंतली वजनं. शिंगाड्याच्या पिठाचा भाव सोन्याच्या काट्यावर काढल्यासारखं झालं हे.

खिडकीच्या फळीवर नान्ना श्वास घेत नाहीत हेही आलंच. धूळ मोजायची ती कामगाराच्या कॉलरपाशी, नाकाजवळ. त्यासाठी कमरेला छोटा पंप आणि कॉलरला फिल्टर लावतात. फिल्टर आधी तोलायचा, पाळीनंतर तोलायचा. गणित कर : मिनिटाला २ लिटर हवा, आठ तास म्हणजे ४८० मिनिटं, झाले ९६० लिटर, घनमीटरला थोडं कमीच. हवेत २०० मायक्रोग्रॅम असतील तर फिल्टरवर बसणार १९२ मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.१९ मिलिग्रॅम. आपल्या कॉलेजातला चार दशांशांचा काटा ०.१ मिलिग्रॅमपर्यंतच वाचतो. तुझं सगळं संशोधन त्याच्या दोन घरांत संपेल! त्याहून कितीतरी बारीक तोलणारा काटा, मायक्रोबॅलन्स, लागेल, तोलण्याआधी फिल्टर ठरावीक दमटपणात ठेवावा लागेल. विद्यापीठात, नाहीतर एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पर्यावरण विभागात चौकशी कर. ही खरी फिजिक्सची मजा आहे, आणि तू नेमकी तीच सोडून आजाराच्या निष्कर्षावर उडी मारलीस.

जर्नलचं दोन वाक्यांत सांगते. पाठवू नकोस. तीन दिवसांत तुझा पेपर कुणी वाचणार नाही, तुझे २८०० रुपये तेवढे मोजले जातील.

नाही, दोन वाक्यांत भागत नाही, कारण सरांनी सांगितलंय. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन या विज्ञान-पत्रकारानं मुद्दाम ढोबळ चुका घालून एक खोटा औषधाचा पेपर रचला आणि ३०४ जर्नलांना पाठवला. १५७ जणांनी स्वीकारला. पैसे घेणारं प्रत्येक जर्नल फसवंच असतं असं नाही, चांगलीही घेतात. पण चांगलं जर्नल तुला मेल करून बोलवत नाही, आणि तुझ्या पेपरवर दोघा-तिघांकडून महिनोन्महिने शंका काढून घेतं. ‘फिजिक्स ते डॉक्टरकी सगळं चालतं’ म्हणणाऱ्याकडं तुझा सेन्सर आणि तुझे नान्ना दोन्ही कळणारा माणूस बसलाय का, एवढंच विचार. त्याला बोंडाची गुंडळी कळली असती का? आणि पीएचडीचं म्हणशील, तर प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीनं २०२२ च्या नियमांत काढली. प्रवेशाला तर परीक्षा लागते. सरांशी भांडू नकोस. ‘सर, आधी कॅलिब्रेशन करते’ म्हण, ते काही नाही म्हणायचे नाहीत.

आता मामा. मामांचं अर्धं बरोबर आहे, आणि जे अर्धं चूक आहे ते मला जास्त आवडतं.

डॉक्टरकीत नाक खुपसायचं नाही, बरोबर. ‘धुळीमुळं आजार होतो’ हे वाक्य तुझ्या मशीननं सांगितलेलं नाही. मशीननं धूळ मोजली, खोकला तू आपल्या मनानं त्याला शिवलास. त्यासाठी कामगारांची स्पायरोमेट्री लागेल, पाळीआधी आणि पाळीनंतर. शेजारी तुलनेला दुसरा गट लागेल : त्याच वयाचे, त्याच वस्तीतले, तेवढ्याच विड्या ओढणारे, पण धुळीत नसणारे, समज घडी घालणारे किंवा दुकानात बसणारे. आणि एक फसवी गोष्ट लक्षात ठेव. ज्यांना धूळ सोसत नाही ते काम सोडून जातात. मागावर उरतात ते दणकट. त्यांनाच मोजलंस तर शेड निरोगी दिसेल.

पण एका विषयाच्या माणसानं दुसऱ्यात पाय ठेवूच नये, हे आपल्या सोलापूरवरच्या ढगांनी खोटं पाडलंय. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी इथं विमानं घेऊन आले होते, आठवतं? पोरं गच्चीवर जाऊन बघायची. आपल्याकडं लोक म्हणायचे, विमान येऊन गेलं आणि पाऊस पडला, किंवा विमान आलं म्हणूनच पडला नाही. दोन्ही बाजूंनी शपथा. शास्त्रज्ञांनी काय केलं? पेरण्याजोगे ढग निवडायचे, पण त्यातल्या कुठल्यात क्षाराचे कण पेरायचे आणि कुठला तसाच सोडायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं. मग पावसाची तुलना. पेरलेल्या बाजूला सुमारे १८ टक्के जास्त पाऊस निघाला. ही चिठ्ठीची रीत वैद्यकशास्त्रात नावारूपाला आली ती १९४८ मध्ये, क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत. कुणाला औषध आणि कुणाला नुसता आराम, हे बंद पाकिटातून ठरत होतं. टीबीच्या वॉर्डातली शिस्त ढगापर्यंत पोचली. मामांना सांग हे, चहा पिताना.

माणसाला मात्र चिठ्ठी टाकून धुळीत पाठवता येत नाही. तिथं दुसरी वाट. हार्वर्डवाल्यांनी अमेरिकेतली सहा शहरं घेतली, आठ हजारांवर माणसं, चौदा ते सोळा वर्षं मागं लागले. प्रत्येकाचं सिगरेटचं प्रमाण, काम, वय, वजन नोंदवलं आणि ते वजा केलं. १९९३ मध्ये छापलं : सगळ्यात घाण हवेच्या शहरात मृत्यूचं प्रमाण सगळ्यात स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्के जास्त. त्यात हवा मोजणारे होते, डॉक्टर होते, संख्याशास्त्राचे लोक होते. तुला त्यातला एकच माणूस व्हायचंय, हवा मोजणारा. बाकीचे शोधायचेत. मेडिकल कॉलेजच्या छाती विभागात किंवा पीएसएम, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या, विभागात जा, ‘मला धूळ मोजता येते, तुम्हाला फुप्फुसं मोजता येतात’ एवढंच म्हण. पहिले दोघं बसायलाही सांगणार नाहीत. तिसऱ्याकडं जा.

एक गोष्ट सांगायला मला जड जाते. तू सेन्सर ‘गुपचूप’ ठेवलास. असंच काहीसं मी एकदा केलंय. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत विद्यार्थ्यांना घेऊन एका शेडमध्ये आवाज मोजला, आकडा ९० डेसिबलच्या वर गेला. मालकाला प्रोजेक्ट आहे एवढंच सांगितलं होतं. मग उत्साहात ते आकडे शेडच्या वर्णनासकट एका स्थानिक वर्तमानपत्रात दिले. नाव दिलं नव्हतं, पण गल्ली आणि मागांची संख्या दिली, मग राहिलं काय? ज्या कामगारानं आम्हाला आत नेलं होतं तो पुढच्या महिन्यात तिथं नव्हता. त्याला भेटायला गेले तर बायकोनं दार अर्धंच उघडलं. त्यानंतर कितीतरी वर्षं त्या भागात आमच्या कॉलेजच्या पोरांना कुणी आत घेतलं नाही, आणि त्या आकड्यांनी एकाही कामगाराच्या कानात बोळा गेला नाही.

तुझ्या पेपरात शेड कुठं, माग किती, हे सगळं असणार. लेखिकेचं आडनाव आणि मागावरच्या माणसाचं आडनाव एकच. मालक पेपर वाचत नसेल, पण त्याचा पोरगा गूगल करतो. म्हणून माणसांवरच्या अभ्यासाला संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते. ती समिती तुला अडवायला बसलेली नसते. ती विचारते की हा कामगार ‘नाही’ म्हणू शकेल का, आणि ‘हो’ म्हटल्यावर त्याची नोकरी राहील का. संमतीचा कागद मराठीत तर हवाच, पण निम्म्या शेडला तो तेलुगूत लागेल, काहींना कन्नडमध्ये. इथं तू पुण्या-मुंबईच्या कुठल्याही संशोधकाच्या पुढं आहेस. तो कागद वाचून दाखवायला त्यांना दुभाषा लागेल, तुला लागणार नाही.

मालकालाही विचार, आणि एका शेडपुरतं नको. पाच-सहा शेड एकत्र असले की कुणा एकावर बोट जात नाही. सगळे हाकलणार नाहीत. मी बघितलंय, काही मालक स्वतः मागावर वाढलेत आणि त्यांच्या बापाचाही असाच खोकला होता.

तुझा आत्ताचा पेपर फाडू नकोस. त्याचं शीर्षक बदल. ‘मागाच्या शेडमध्ये स्वस्त सेन्सर किती आणि कुठं चुकतो’ हे लिही. ते तुझ्या हातात आहे, त्यात कुणाची नोकरी जात नाही आणि तसल्या कामाची खरंच गरज आहे, कारण आता जो तो हेच अडीच हजारांचं मशीन घेऊन आकडे छापत सुटलाय. बीएड हवं तर नंतरही होतं.

सोमवारी मात्र नान्नांना घेऊन जा. सकाळी लवकर, केसपेपरच्या रांगेआधी. त्यांचे जुने एक्स-रे असतील तर ते घे. आधी कुणी श्वासाचा फवारा (इन्हेलर) दिला असेल तर तो चाचणीआधी घ्यायचा की नाही, हे आदल्या दिवशी विचारून ठेव. स्पायरोमेट्रीच्या खोलीत नळीत फुंकायला सांगतील. निदान तीनदा, कारण चांगल्या दोन फुंकरींमध्ये १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. बघ, त्यांनाही तुझ्यासारखंच वाचन जुळवावं लागतं. तंत्रज्ञ मराठीत ओरडेल, ‘जोरात, अजून, अजून, थांबू नका!’ दमलेला माणूस दुसऱ्याच सेकंदाला सोडून देतो आणि आकडा खोटा येतो. तू त्यांच्या शेजारी उभी राहा आणि तेलुगूत ओरड, ‘ऊदंडी नान्ना, इंका, इंका!’